पोर कॉलेजातून प्रश्न घेऊन येते तेव्हा



एरवी माझी तुमची गाठ पडते ती बीजप्रक्रिया, खताची मात्रा नाहीतर बोंडअळी यांच्या निमित्ताने. पण सभा संपून चहा झाला की एखादा शेतकरी मला हळूच बाजूला घेतो आणि म्हणतो, "साहेब, जरा घरची गोष्ट विचारायची होती." आता मला सवयीने कळते, की गोष्ट पिकाची नाही, पोराची आहे. पोरगा जिल्ह्याच्या गावी कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाला, "आबा, खुरपणीला बायांचा रोज गड्यांपेक्षा कमी का?" नाहीतर पोरगी म्हणाली, "काका गेले म्हणून काकीला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे कोणी ठरवलं?" बापाचे डोके फिरते. "तुला शिकायला पाठवलंय की पुढारीपण करायला?" तेथून शब्दाला शब्द वाढतो. पोर ताटावरून उठते आणि आई बिचारी दोघांच्या मध्ये सापडते.

तुमच्या घरी असे झाले असेल, किंवा उद्या होईल अशी भीती वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पोर बिघडले की घडते आहे, हे कसे ओळखावे? आणि घडत असेल तर घरच्यांनी त्याला कसा हात द्यावा? पण उपदेश करण्याआधी मी माझी स्वतःची चूक सांगतो.

वळचणीचा कप

१९९० च्या सुमाराची गोष्ट. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले होते, ते खरे तर मित्रांनी घातले म्हणून. हिवाळ्यात एका दुष्काळी गावात आमचे दहा दिवसांचे शिबिर लागले. आम्ही पन्नासेक पोरे ओढ्यावर मातीचा बांध घालत होतो. तिसऱ्या दिवशी पाणी आणायला विहिरीवर गेलो, तर वस्तीवरच्या दोन बाया घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. कोणीतरी पोहरा ओढून आपल्या घागरीत ओतील, याची वाट पाहत होत्या. आम्ही त्या गावासाठी पाणी अडवत होतो, आणि असलेले पाणी या दोघींना हाताने घेता येत नव्हते.

आमच्याबरोबरच्या सरांनी त्यावर भाषण केले नाही. रात्री जेवणे झाल्यावर शेकोटीभोवती बसवून त्यांनी एवढेच विचारले, "आज कोणी काय पाहिलं?" एकेकजण बोलू लागला. मग सरांनी दुसरा प्रश्न केला, "हे तुमच्या गावात नाही ना?" सगळे गप्प झाले. मीही.

शिबिर संपवून चार दिवस घरी आलो. गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप अडकवलेला होता. तो आमच्या सालगड्याचा. जन्मापासून मी तो पाहत होतो, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा डोळ्यांना टोचला. हा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. घरातली लहान पोरेही त्याला एकेरीत हाक मारत, मीही मारत असे. मला संताप आला. चहाच्या वेळी, अंगणात चार माणसे बसलेली असताना, मी तो कप काढला आणि दगडावर आपटून फोडला. "आजपासून हा आपल्यातच चहा पिणार," असे मोठ्याने म्हणालो. आबा काही न बोलता उठून मळ्यात गेले. आणि ज्याच्यासाठी मी हे केले असे मला वाटत होते, तो माणूस खाली मान घालून निघून गेला. पुढे चार दिवस तो कामावर आलाच नाही. पाचव्या दिवशी आला. न येऊन सांगतो कोणाला? अंगावर उचल होती.

पाडव्याला मी पुन्हा घरी आलो. सालाचा हिशेब व्हायचा होता. बांधावर एकटा गाठून मी त्याला म्हटले, "तुमच्यासाठी कप फोडला, आणि तुम्हीच निघून गेलात?" तो म्हणाला, "धाकलं मालक, कप फुटला त्यो तुमचा. चार दिसाचं खाडं पडलं ते माज्या नावावर. तुमी कॉलेजात जाल, मला हितंच ऱ्हायाचंय." मी बराच वेळ काही बोललो नाही. मग विचारले, "मी काय करू म्हणता?" तो म्हणाला, "कपाचं बगू मागनं. आदी त्या वहीत काय लिवलंय ते वाचून दावा."

वाचकहो, अठरा-एकोणीस वर्षे मी त्याला पाहत होतो, पण तुम्हाला काय हवे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले. संध्याकाळी आबांच्या समोर बसून मी वही वाचली. दोन पोती ज्वारी आश्विनात लिहिली होती, आणि तीच पुन्हा कार्तिकात. आबांनी वही हातात घेऊन दोनदा पाहिली. "माझ्या हातून झालं," म्हणाले आणि नोंद खोडली. चार खाडेही त्यांनी आपणहून खोडले. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "यापुढं तू लिहीत जा, आणि त्याला वाचून दाखवत जा." कपाची गोष्ट आईने मिटवली. दुसऱ्या सकाळी घरच्याच कपात तिने त्याला ओट्यावर चहा दिला, कोणाला काही न सांगता, न विचारता. मी त्याला मामा म्हणू लागलो. पहिले काही दिवस दोघांनाही अवघड गेले.

न्यायाच्या कामाचा पहिला धडा मला असा मिळाला. अन्याय दिसणे ही सुरुवात आहे. पण ज्याच्यावर अन्याय होतो त्याला न विचारता केलेले काम बहुधा आपल्याच नावासाठी असते.

ही वाट आपल्याच मातीतली

काहीजण म्हणतात, ही शहरी खुळे आहेत. तसे नाही. शिकणाऱ्या पोरांनी न्यायाचा प्रश्न विचारणे ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. ती तेव्हा शाळकरी पोर होती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. खेड्यातली पोरे शहरात येऊन राहणार कोठे आणि खाणार काय, हा प्रश्न सोडवल्याशिवाय शाळा काढून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेथे निघाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून आत ये असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला.

भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, गाव कुंभोज, शेतकऱ्यांच्याच मुलखातले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. येथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली. पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, एका पंगतीत जेवायचे, शेतात राबायचे आणि शिकायचे. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही राहिले नाही. १९२७ साली महात्मा गांधी हे वसतिगृह पाहून गेले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, आणि 'कमवा आणि शिका' ही रीत कॉलेजातही रुजली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती, त्यांची मुले मिलिंदमधून शिकून निघाली आणि मराठवाड्यात लेखणी व चळवळ दोन्ही त्यांनी हाती घेतल्या. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम चालवली आणि तरुणांना घेऊन ते गावोगाव फिरले. त्याआधी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. आजही तिच्यातल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजाचे काम करायचे असते आणि सात दिवसांच्या शिबिराला गावात जाऊन राहायचे असते.

आता या सगळ्यांत सारखे काय आहे ते पाहा. कोणीही पोरांना नुसते व्याख्यान देऊन सोडले नाही. पोरे एकत्र राहिली, एकत्र जेवली, हाताने राबली, आणि अंगावर छोटी का होईना जबाबदारी घेतली. त्यातून त्यांना आपण कोण आहोत आणि कोणाचे देणे लागतो, ते कळले. कांद्याचे रोप वाफ्यात कितीही हिरवेगार दिसले तरी लागणीआधी आपण त्याचे पाणी कमी करतो. तसे केले नाही तर ते शेतात गेल्यावर मान टाकते. पोरांचेही असेच आहे.

कृषिकन्यांनी मला शिकवले

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी तुमच्या गावात येतात. त्यांना तुम्ही कृषिदूत, कृषिकन्या म्हणून ओळखता. काही वर्षांपूर्वी माझ्या भागातील एका गावात अशा सहा मुली आल्या होत्या. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठरले. नेहमीप्रमाणे मी वेळ दिली सकाळी अकराची आणि जागा दिली मारुतीच्या पारावर. तीस-पस्तीस शेतकरी जमले. सगळे पुरुष.

त्यातली एक मुलगी स्वभावाने अगदी अबोल होती. तिचे आईवडील स्वतः दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारे. पहिला आठवडाभर मी तिचा आवाज ऐकला नव्हता. प्रात्यक्षिक झाल्यावर ती मला म्हणाली, "सर, माझ्या घरी बी आई चोळते. इथे कोण चोळतं?" मी म्हटले, "तुम्हीच विचारून या." दुसऱ्या दिवशी त्या सहाजणी खुरपणीच्या बायांबरोबर अर्धा दिवस पातीला बसल्या आणि बोलता बोलता विचारले. एक बाई हसून म्हणाली, "बी आम्ही चोळायचं, अन् मिटिंगला मालकानं जायाचं. घरी येऊन मालक सांगतो काय, तर चहा चांगला होता."

मुलींनी माझ्याशी हुज्जत घातली नाही. त्यांनी बायांनाच विचारून वेळ ठरवली, रात्री साडेसातची, भाकरी झाल्यावर. जागा ठरली वस्तीवरचे समाजमंदिर. पहिल्या रात्री अकराजणी आल्या. गावठाणातल्या काहीजणी वस्तीत पाऊल टाकायला कचरल्या. दुसऱ्या वेळी त्यांतल्या चार आल्या. आधी बुरशीनाशक, मग दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे अडीचशे ग्रॅमचे पाकीट, आणि मग बी सावलीत सुकवायचे, हे सगळे त्या बायांनी स्वतःच्या हाताने करून पाहिले. त्या मुली जाण्याआधी ग्रामसभा झाली. तीत तीच अबोल मुलगी परवानगी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शेतीच्या मिटिंगा बायांना जमतील अशा वेळी घ्याव्यात, एवढी विनंती आहे." आवाज कापत होता, पण वाक्य पुरे केले.

त्या मुलीला कोणी नेता हो म्हणून सांगितले नव्हते. तिने आपल्या आईचे काम आठवले, दुसऱ्याच्या आईला विचारले, सगळ्यांबरोबर मिळून एक छोटी गोष्ट बदलली आणि मग ती बोलली. आणि मी? वीसहून अधिक वर्षे मी पारावर अकराच्या सभा घेत होतो. गावातल्या निम्म्या शेतकऱ्यांना मी बोलावतच नव्हतो, हे मला बावीस वर्षांच्या पोरीने दाखवले. मला राग आला नाही असे नाही. पण वेळ बदलली.

बिघडले की घडते आहे?

आता तुमचा मूळ प्रश्न. आईबापांची भीती खोटी नसते. पोर कोणाच्या तरी झेंड्यामागे धावेल, परीक्षा बुडेल, एखाद्या भांडणात नाव येऊन पोलिसात नोंद होईल आणि नोकरीला आडवी येईल, ही भीती योग्यच आहे. कॉलेजच्या पोरांना मोटारसायकलवर फिरवून, फलकावर फोटो छापून, निवडणूक झाली की विसरून जाणारी माणसे सगळीकडे असतात. म्हणून पारख करावी लागते. माझ्या अनुभवातल्या काही खुणा सांगतो.

पोर ज्यांच्याविषयी बोलते त्यांच्यात ते जाऊन बसते का? की नुसते मोबाइलवर दुसऱ्याचे लिहिलेले पुढे पाठवते? स्वतःच्या घरातली चूक त्याला दिसते का, की फक्त शेजारच्याची? पोरगा बायांच्या रोजाबद्दल बोलत असेल, तर स्वतःचे ताट उचलतो का? दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा माणूस अडचणीत असला तरी त्याचा आवाज तेवढाच निघतो का? विरोध झाला की शिवीगाळ करते, की पुन्हा समजावून सांगते? आणि अभ्यास चालू आहे का? यांतल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर चांगले येत असेल तर निर्धास्त राहा. पोर घडते आहे. उत्तर वाईट येत असेल तरी हाकलून देऊ नका. मीही कप फोडणारातलाच होतो.

घरच्यांनी काय करावे?

१. पोराने प्रश्न विचारला की पहिल्या दिवशी उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. "तुला काय कळतं?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. एकदा ते ऐकले की पोर घरी बोलायचे थांबते आणि बाहेर ऐकणारा शोधते.

२. मजुरीची वही त्याच्या हातात द्या. वर्षभरात गड्यांना किती दिले, बायांना किती दिले, तास किती, काम कोणते, हे त्यालाच मांडू द्या. सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखा मोबदला, हा कायदा देशात १९७६ सालीच झाला. आपली वही काय सांगते, ते एकदा घरच्यांसमोर वाचून दाखवू द्या. बाजारभाव पडल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय उरते, हेही त्याला त्याच वहीतून कळेल. मजुरावर होणारा अन्याय आणि शेतकऱ्यावर होणारा अन्याय, दोन्ही पाहू द्या.

३. त्याला ग्रामसभेला न्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन गावच्या मतदारयादीत नाव आले, की तो ग्रामसभेचा सभासद असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. काकीच्या हळदीकुंकवाचा प्रश्न घरात भांडण होऊन सुटत नसेल, तर गावात ठराव होऊन सुटू शकतो. अर्ज कसा लिहावा, ठराव कसा मांडावा, हे शिकणे म्हणजेच पुढारीपणाचे खरे शिक्षण.

४. मुलीला शिबिराला पाठवा. "पोरीची जात" म्हणून नाही म्हणू नका. कोठे राहणार, बरोबर बाई कोण आहेत, ते जरूर विचारा, फोन नंबर घ्या, पण पाठवा. आणि मुलीने हक्काचे बोलले म्हणून कॉलेज बंद करण्याची धमकी देऊ नका. एकदा अशी धमकी दिली, की पुढे सासरी तिच्यावर अन्याय झाला तरी ती तुम्हाला सांगणार नाही.

५. अट घाला, पण एकच. अभ्यास बुडता कामा नये आणि कोणावर हात उचलता कामा नये. बाकी त्याला चुका करू द्या.

६. त्याच्या म्हणण्यातली एक तरी गोष्ट घरात करून दाखवा. गड्याचा कप असेल, बायांचा रोज असेल, नाहीतर घरच्या लक्ष्मीचे नाव सातबाऱ्यावर लावणे असेल. बाप बदलू शकतो, हे पोराने एकदा पाहिले की त्याचा माणसावर विश्वास बसतो. ज्याचा माणसावर विश्वास नाही, तो न्यायासाठी नाही, सूडासाठी लढतो.

शेवटी एवढेच. आबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. मागे जुनी ट्रंक उघडली तेव्हा ती वही सापडली. आश्विन-कार्तिकातली खोडलेली ओळ तशीच आहे. शेजारी आबांच्या अक्षरात "चूक दुरुस्त" असे लिहून खाली सही केलेली आहे. सालगड्याच्या वहीत मालकाने अशी सही करण्याची काही गरज नव्हती. त्या सहीशेजारी मामांचा अंगठा आहे. तो त्यांनी कधी उठवला, मला माहीत नाही. दोघांनी मला सांगितले नाही.

या दिवाळीत तुमचे पोर घरी आले आणि जेवताना काही अवघड विचारले, तर ताटावरून उठू नका, त्यालाही उठू देऊ नका. मजुरीची वही काढा आणि दोघे मिळून वाचा. काय सापडले ते पुढच्या सभेत भेटलो की मला जरूर सांगा.